गुळदगडाची दरी आणि माझी बंदी

जंगलखात्यात नोकरी झाली असं म्हटलं, की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, "मग वाघ किती पाहिले?" सगळ्या नोकरीत मी वाघ तीन पाहिले, आणि तिन्ही पाठमोरे. त्यांना माझ्यात रस नव्हता आणि मला त्यांचं मुखदर्शन घ्यायची घाई नव्हती. तेव्हा वाघाच्या आशेनं हा लेख उघडणाऱ्यांनी सरळ पुढचं पान उलटावं. मला सांगायचं आहे ते एका दरीबद्दल, तिच्यातल्या पाण्याबद्दल आणि मी काढवलेल्या एका हुकुमाबद्दल. हुकूम चुकीचा होता. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मला भाव खायची सोय राहणार नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. कायदे नागपूरला होत, डिव्हिजनचे साहेब अमरावतीला बसत आणि त्या कायद्यांचं करायचं काय, ते आम्हा डिप्टी रेंजरांना डोंगरात ठरवावं लागे. मी मूळचा भातकुलीकडचा. आमचा मुलूख काळ्या मातीचा, कपाशीचा आणि खाऱ्या पाण्याचा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाहुण्यापुढे गोड पाण्याचा तांब्या ठेवणं हाच मोठा पाहुणचार. आमच्याकडे पोरंसोरंसुद्धा एक गोष्ट शिकूनच मोठी होतात: वरवरचं पाणी गोड असतं, त्याला उकरू नये. उकरलं की खालचं मीठ वर येतं, आणि एकदा वर आलं की परत जात नाही. माझ्या आजोबांनी हौसेनं विहीर चार हात जास्त खोल नेली आणि चांगलं पाणी कायमचं घालवून बसले. गाव त्यांना मरेपर्यंत त्या विहिरीवरून चिडवत होतं. उकरू नये, हे शहाणपण खरंच आहे. मात्र ते भातकुलीपुरतं खरं आहे, एवढं कळायला मला सातपुड्यात जावं लागलं.

माझी बदली झाली ती शेंदूरजनाघाटाच्या वरच्या डोंगरात. खालच्या गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि दिवाळी अंक वाचतातही. गाव माळ्यांचं. भाजी, फुलं आणि संत्र्याच्या बागा. गावाच्या पाठीशी आमचं 'अ' वर्गाचं राखीव जंगल, आणि त्या जंगलाच्या पोटात ती दरी.

वऱ्हाड म्हणजे काळी माती आणि काळा दगड, अशी आपली सगळ्यांची समजूत. पण सातपुड्याच्या पायथ्याशी काही ठिकाणी काळा पाषाण संपतो आणि पिवळा-तांबूस दगड डोकं वर काढतो. पुस्तकात त्याला वालुकाश्म म्हणतात. गावचे लोक गुळदगड म्हणत, कारण रंग गुळाचा आणि अंगठ्यानं घासला तर कडेनं भुरभुर सुटायची तीही गुळासारखीच. नाल्यानं हा दगड कापत कापत दरी केली होती. दोन्ही बाजूंना भिंती, इतक्या जवळ की दरीच्या तळाला ऊन फक्त भर दुपारी उतरे. भिंतींवर आडवे पट्टे: पिवळा, तांबडा, मध्येच पांढरा. काही सपाट शिळांवर पाण्याच्या लाटांच्या वळ्या जशाच्या तशा दगड होऊन बसल्या होत्या. आज जिथे सालई आणि धावडा उभा आहे तिथे कधीकाळी नदीचा काठ होता, हे त्या शिळा पाहून अडाण्यालाही कळे. मला तर पहिल्या दिवशी त्या वळ्यांवर पाय द्यायलाच नको वाटलं.

वर माथ्यावर उन्हाळ्यात सगळं करपलेलं असायचं, पण खाली तळात जांभूळ, उंबर आणि करंज बारा महिने हिरवे. भिंतीच्या फटींतून नेचे लोंबत. उंच कपारींत गिधाडांची घरटी, त्यांच्या बाजूला आग्या मोहोळाची पोळी, आणि एका गुहेत अस्वलीण. आणि या सगळ्याच्या मुळाशी झिरा. भिंतीच्या पायथ्याशी एक आडवी फट होती, तिच्यातून पाणी पाझरून डोहात पडे. डोहातून नाल्यात, नाल्यातून पाटानं माळ्यांच्या बागांत. वैशाखातही तो आटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मी खारपाणातला माणूस. पहिल्यांदा ते पाणी ओंजळीत घेऊन प्यालो आणि, कबूल करतो, डोळे भरून आले. असं पाणी इथे कुणाच्या नावावर नसताना आपसूक वाहतं आणि आमच्याकडे पाहुण्याला मोजून देतात, हे मला सहन होईना. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की हे मी राखणार.

राखणं म्हणजे आमच्या खात्यात काय, ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगतो. जंगलाच्या हद्दीवर दगडांचे मुनारे रचायचे आणि दरसाल मोजायचे, कारण दगडाला पाय नसले तरी शेजारच्या शेतकऱ्याला असतात. हिवाळ्यात गवत कापून जाळून आगपट्ट्या काढायच्या, म्हणजे उन्हाळ्यात वणवा एका बाजूचा दुसरीकडे जात नाही. तोडायच्या झाडावर हातोड्यानं शिक्का मारायचा. गुरं आत आली तर कोंडवाड्यात. आणि रोज डायरी लिहायची. या डायरीत माणूस वर्षभर स्वतःची आरती ओवाळत असतो, हे मी पुढे माझीच डायरी वाचून शिकलो.

माझ्या हाताखाली नाकेदार, म्हणजे जंगलाचा रखवालदार, होता रहेमान. उंच, मितभाषी, पायी चालायला वाघ. तो तेल्हाऱ्याचा, म्हणजे तोही खाऱ्याच मुलखातला. अशा दोन खाऱ्या माणसांनी मिळून गोड पाण्याचं रक्षण आरंभलं.

पहिली कामगिरी फत्ते झाली. दरीत एक जण गाढवं घेऊन येई आणि छिन्नी-हातोड्यानं भिंतीतला दगड फोडून नेई. गुळदगड कणीदार, विळ्याला आणि कुऱ्हाडीला धार लावायला एक नंबर. घाटाखालच्या प्रत्येक बाजारात त्याचे निसणे विकले जात. लाटांच्या वळ्यांची अर्धी शिळा त्यानं अशी विळ्यांच्या धारेला लावली होती. मी त्याला पकडला. तो पाया पडला नाही, उलट म्हणाला, "साहेब, सारा वऱ्हाड माह्या दगडावर कापूस वेचून राहिला!" कापूस विळ्यानं वेचत नाहीत हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. मग दरीच्या तोंडाशी पुरानं आणून टाकलेले सुटे धोंडे दाखवले आणि सांगितलं, हे ने, भिंतीला हात लावू नकोस. त्याचंही काम भागलं, माझंही. डायरीत लिहिलं: 'दरीतील दगड फोडणे बंद केले.'

साहेब खूश. आमचे डिव्हिजनचे साहेब इंग्रज. मराठी इतकी व्याकरणशुद्ध बोलत की खेड्यात कुणाला कळत नसे. शब्द जमा करायची त्यांना हौस. 'फोडणे' हा शब्द त्यांनी माझ्या डायरीतून उचलला आणि दौऱ्यावर आले की विचारत, "अजून कोणी फोडतो का?" मी छाती काढून म्हणे, "कोणी नाही."

आणि मग रहेमानचा रिपोर्ट आला. 'गावकरी दर चैत्रात झिरा फोडतात.'

मी जाऊन पाहिलं. फटीच्या तोंडाशी ताज्या रेतीचा ढीग. उंबराच्या तोडलेल्या मुळ्यांचा भारा. डोह गढूळ. माझ्या अंगाची आग झाली. त्या घटकेला माझ्या डोळ्यांपुढे आजोबांची विहीर उभी राहिली. हे लोक दरसाल गोड पाणी उकरतात, आणि एक दिवस खालचं मीठ वर येणार, दरी मरणार. रहेमाननं मान हलवली. "आमच्या तेल्हाऱ्याले बी असंच होते साहेब. पानी उकरलं का खारं."

मी शिफारस लिहिली, साहेबांनी 'फोडणे' हा शब्द पाहिला आणि हुकूम निघाला. झिऱ्याभोवती काट्यांचं कुंपण, नवा मुनारा, आत जाण्यास सर्वांना मनाई. झिऱ्यात हात घालणं हा गुन्हा.

पुढच्या चैत्रात, झिऱ्यात उतरायचा दिवस जवळ आला, तशा यशोदाबाई आमच्या जंगलनाक्यावर आल्या. साठीच्या आसपासच्या, नवरा वारलेला, झेंडू-शेवंतीची फुलं आणि भाजी पिकवून बाजारात स्वतः बसायच्या. झिऱ्याच्या पाटावर त्यांची संत्र्याची बाग नव्यानं वाढत होती. त्या उन्हातून चालत आल्या होत्या, पण बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"डिप्टीसाहेब, झिऱ्यावर काटे कोनं टाकले?"

"मी टाकले."

"काहून?"

"तुम्ही लोक तो फोडता म्हणून."

"मंग? फोडतोच नं! माह्या सासऱ्यानं फोडला, माह्या मालकानं फोडला, थे गेल्यावर मी फोडून राहिली."

मी हे सगळं कबुलीजबाब म्हणून ऐकत होतो. दोन पिढ्यांचा गुन्हा ही बाई माझ्यासमोर उभं राहून अभिमानानं सांगत होती. मी म्हटलं, "बाई, गोड पाण्याला उकरू नये. खारं होतं."

"कोनाच्या घरी होते खारं?"

"आमच्या भातकुलीला होतं."

"तं मंग भातकुलीले जाऊन काटे लावा, बाप्पा! अथी काहून लावता?" त्या हसल्या नाहीत. "झिरा फोडला नाही तं मरते. आयकून ठेवा."

रहेमान तोंड फिरवून बाहेर पाहू लागला. मला राग आला होता. या बाईला शास्त्र कळत नाही असं मी मनात म्हटलं. शास्त्र म्हणजे आमच्या आजोबांची विहीर.

त्या वर्षी दरी अशी बहरली की बोलायची सोय नाही. माणसाचा पाय नाही, त्यामुळे नेचे गुडघाभर वाढले. डोहाच्या काठच्या चिखलात भेकराचे आणि अस्वलिणीचे ठसे. पाणी थोडं कमी वाटलं, पण त्या साली पाऊसही बेताचा होता. साहेब आले, टोपी काढून डोहाकाठी बसले, त्यांनी शेरा लिहिला आणि माझी पाठ थोपटली. माझी छाती आणखी चार बोटं फुगली.

दुसऱ्या वर्षी माघातच धार बारीक झाली. पण त्याच सुमारास मला एक नवल दिसलं. फटीच्या बऱ्याच वर, भिंतीवर जिथे कधी ओल नव्हती तिथे दगड काळपट झाला आणि त्यावर हिरवी शेवाळ धरली. मी डायरीत काय लिहिलं ते आज आठवलं तरी कान गरम होतात. लिहिलं: 'दरी समृद्ध होत आहे. वरील भिंतीवरही ओल दिसू लागली.'

चैत्र लागला आणि फटीतून थेंब पडेनासा झाला. डोहात गुडघाभर पाणी उरलं, पाट कोरडा. नेचे पिवळे पडून चुरगळले. मी रोज सकाळी जाऊन पाही आणि रोज नवं कारण शोधी. पाऊस, वारा, वरचे धावडे जास्त पाणी पितात का, एक ना दोन.

यशोदाबाई परत आल्या त्या टोपली घेऊन. माझ्या टेबलावर डायरी उघडी होती, तिच्यावरच त्यांनी टोपली पालथी केली. बोराएवढी हिरवी संत्री सगळीकडे गडगडली.

"लिहा तुमच्या डायरीत," त्या म्हणाल्या. "आंबिया बहार हाय हा. झाडं पहिल्यांदा फयाले आली होती. पाच वर्सं वाट पाह्यली म्या."

संत्र्याचं झाड तसं सोशिक. हिवाळ्यात पाणी तोडून त्याला ताण देतात, मग पाणी सोडलं की फुलतं, तोच आंबिया बहार. पण फळ धरल्यावर पाणी तुटलं तर ते आधी फळ टाकतं, आणि मग जमेल तितके दिवस स्वतः जगून पाहतं. हे मला माहीत होतं. वरूडच्या बाजूला राहून ते न कळायला माणूस दगडच पाहिजे.

"मी साहेबांना लिहितो," मी म्हटलं.

"लिहा. तुमचा कागद अमरावतीले जाईन, मंग येईन. झाडाले वाचता येत नाही साहेब. आठ रोजात पानी नाही भेटलं तं वरची वय पुरी जाईन." वय म्हणजे ओळ. बागेची सगळ्यात वरची ओळ, जिथे पाटाचं पाणी आधी पोचायचं आणि जमीन सगळ्यात उथळ होती.

काटे मी त्याच दिवशी काढू शकलो असतो. हुकूम साहेबांचा असला तरी कुंपण माझ्या हातातलं होतं, आणि साहेब काही वाईट माणूस नव्हता. पण शिफारस माझी, पाठ थोपटून घेतली ती माझी. स्वतःच्या हातानं ते काटे उपटायचे म्हणजे सगळ्या गावादेखत मी खोटा ठरणार. म्हणून मी कागद लिहिला, तोही असा गुळमुळीत की वाचणाऱ्याला नक्की काय हवंय ते कळू नये. नोकरीतल्या सगळ्या चुकांपैकी मला लाज वाटते ती याच आठ दिवसांची. बंदी घातली ती अज्ञानानं. हे आठ दिवस मी जाणूनबुजून घालवले.

आठव्या दिवशी दुपारी दरीतून आवाज आला. आधी काहीतरी घरंगळल्याचा, मग जमिनीतून पायात चढणारा धक्का. रहेमान आणि मी धावलो. दरीत तांबडी धूळ भरली होती आणि आग्या माश्या उठल्या होत्या. रहेमानला तोंडावर आणि मानेवर चावल्या. त्यानं पागोटं गुंडाळून मला मागे ओढलं, नाहीतर मी बचावलो नसतो. धूळ खाली बसल्यावर पाहिलं तर जिथे ती हिरवी शेवाळ धरली होती, तिथला भिंतीचा मोठा तुकडा गळून पडला होता. गिधाडांच्या दोन कपारी त्याच्याबरोबर गेल्या. एका घरट्यातलं पंख फुटलेलं पिल्लू खाली दगडांत मेलेलं होतं. वरचं जोडपं घिरट्या घालत राहिलं.

आणि भिंतीच्या त्या जखमेतून ओली रेती बाहेर येत होती, पातळ, पाण्यासकट. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाणी कुठेच गेलं नव्हतं. खालचं दार बुजलं म्हणून ते दगडाच्या आत चढत गेलं, आणि गुळासारखा दगड आतून भिजून सुटला. मी ज्याला समृद्धी म्हणत होतो ती दरी आतून फुटत असल्याची खूण होती. पाणी सोडायचं राहिलं तर उरलेली भिंतही जाणार, हे आता कुणी सांगायची गरज नव्हती.

मी तिथूनच गावात गेलो. यशोदाबाई ओट्यावर फुलं निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "बाई, माझं चुकलं. झिरा कसा फोडतात ते दाखवा."

त्यांनी हातातली फुलं बाजूला ठेवली. "काटे काढले काय?"

"नाही. तुमच्यासमोर काढतो."

काटे मी आणि रहेमाननं काढले. निम्मं गाव वर येऊन बघत होतं. कुणी हसलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. रहेमान सुजलेल्या तोंडानं लोखंडी सब्बल घेऊन पुढे झाला तशा यशोदाबाई ओरडल्या, "लोखंड बाहेर ठेव रे! अथी लोखंड नाही चालत." त्यांच्याजवळ धावड्याच्या लाकडाचे चपटे सोटे होते, आणि एक बांबूची पट्टी. त्यांनी समजावून सांगितलं. गुळदगडाच्या खाली चिकणमातीचा पांढरट पट्टा आहे. पाऊस माथ्यावर पडतो, दगडात मुरतो, खाली उतरतो, आणि त्या पट्ट्यावर अडून फटीतून बाहेर येतो. "लोखंडानं थो पट्टा फुटला तं पानी खाली जाते. थे मंग परत नाही येत." म्हणजे आजोबांचा धडा इथेही निम्मा लागू होता. खाली फोडायचं नव्हतं. तोंड मोकळं करायचं होतं. त्या फोडण्यात आणि या फोडण्यात फरक होता, आणि आम्ही दोन्हीला एकाच शब्दात गुन्हा ठरवला होता.

"आडवं व्हा साहेब," त्या म्हणाल्या. "उभ्यानं नाही होत हे काम."

खाकी कपड्यांसकट मी डोहाच्या चिखलात पोटावर पडलो आणि खांद्यापर्यंत हात त्या फटीत घातला. आत रेती घट्ट बसली होती आणि तिच्यात उंबराच्या बारीक मुळ्यांची जाळी विणलेली. सोट्यानं सैल करायचं आणि हातानं ओढायचं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला साठीच्या यशोदाबाई, आणि त्या माझ्यापेक्षा दुप्पट रेती काढत होत्या. एक जाड मूळ हाताला लागलं, मी ओढायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. "थे राहू द्या. थ्या मुयानं दगड धरला हाय." किती वेळ गेला कुणास ठाऊक. एकाएकी माझ्या बोटांना थंड लागलं, मग रेती आपण होऊन हलायला लागली, आणि लालसर पाणी भसाभसा तोंडावर आलं. मी हर्षानं आणखी हात घातला.

"बस!" यशोदाबाई म्हणाल्या. "पुरं साफ नाही करत. जराशी रेती दारात ठेवा लागते, नाही तं आतली सारी निंघून येईन."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी राखणीबद्दल पुष्कळ ऐकलं आणि लिहिलं. कुठे हात घालायचा आणि कुठे थांबायचं हे इतक्या थोडक्यात मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही. तिन्हीसांजेच्या आत पाणी निवळलं. वरच्या भिंतीतून वाहणारी रेती दुसऱ्या दिवशी थांबली आणि उरलेली भिंत उभी राहिली. ती आजही उभी आहे, हे मी अभिमानानं सांगतो. गिधाडं दोन हिवाळ्यांनी परत आली, दुसऱ्या कपारीत.

साहेबांना मी दुसरा कागद लिहिला, तो मात्र स्पष्ट. ते आले, भिंतीची जखम पाहिली आणि माझी डायरी मागितली. 'दरी समृद्ध होत आहे' यावर त्यांनी बोट ठेवलं. माझ्या नावापुढे एक प्रतिकूल शेरा पडला. तो मला मिळायलाच हवा होता. मग दरीचे नियम नव्यानं लिहायला घेतले. दर चैत्रात गावकऱ्यांनी झिरा मोकळा करावा, लोखंड वापरू नये, खात्यानं मदत करावी. साहेब 'फोडणे'ला इंग्रजी शब्द शोधत राहिले. यशोदाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "त्याले फोडनंच म्हन्तेत." शेवटी साहेबांनी तोच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला आणि सही केली.

बाकीची बाग वाचली. वरची ओळ गेली. पाणी पोचलं तेव्हा झाडांची साल सुटायला लागली होती. पाणी देऊन पाहिलं, शेणकाला करून पाहिला, पण एकही पालवलं नाही. पावसाळ्याआधी मी आणि रहेमान कुदळी घेऊन बागेत गेलो. म्हटलं, निदान ते वाळलेले खुंट तरी आम्ही खणून काढतो आणि नवी कलमं लावून देतो.

यशोदाबाई वाफे करत होत्या. त्यांनी मान वर केली.

"नवी कलमं लावा. बाजूनं लावा. खुंटाले हात नका लावू."

"कशाला ठेवता, बाई? मेलेली झाडं."

"तुमी आज ना उद्या बदलून जासान," त्या म्हणाल्या. "मंग नवा साहेब येईन. त्याले बी काई तरी राखासाठी पाठवतीन. सांगून तुमाले समजत नाही, बाप्पा. दाखवाले लागते."

रहेमाननं कुदळ खांद्यावर घेतली. कलमं आम्ही बाजूनं लावली.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. चार्ज घ्यायला आलेला तरतरीत माणूस होता, बूट नवे, डायरी कोरी. आमच्या खात्यात चार्ज देताना आधी हद्दीचे मुनारे दाखवायची रीत आहे. मी त्याला आधी यशोदाबाईंच्या बागेत नेलं, वाळलेल्या खुंटांच्या ओळीपाशी उभं केलं आणि म्हटलं, "हे माझं काम." मग आम्ही दरी बघायला गेलो.